सरकी काढून ऐकणारा

त्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही दोघं बाभळीचे काटे तासत बसलो होतो. रहिमानभाई त्यांच्या दुकानाच्या पायरीवर, मी समोर टांग्याच्या पायदानावर. लढाईची वर्षं होती. बाज्याच्या पोलादी सुया संगमनेरात मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून आम्ही काट्यावर रेकॉर्डी वाजवायचो. वाळलेला सरळ काटा घ्यायचा, काचेच्या तुकड्यानं टोक काढायचं, बूड सुईच्या मापाचं करायचं. एक काटा दोन बाजू वाजवतो, मग बोथट होतो. त्यांनी दहा केले, मी सहा. माझ्यातले दोन त्यांनी बाजूला टाकले आणि म्हणाले, "किसना, हे घोड्याच्या नालंला ठोक." मग चहा झाला. एवढंच. दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या मोटारीनं नगरला गेले आणि परत आले नाहीत.

मेले असं मी म्हणत नाही. परत आले नाहीत, एवढंच मला माहीत आहे. चाळीस वर्षं होऊन गेली त्याला.

माझं शिक्षण तिसरी. लिहायची सवय नाही. माझी बायको सरू गेली त्याला पोळ्याला वर्ष झालं. घरात बोलायला कोणी राहिलं नाही म्हणून लिहायला बसलोय. मोठं कारण काही नाही.

रहिमानभाई पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या, उशा, रजया भरायच्या. वय पन्नाशीचं, अंग बारीक, हात लांब. दाढीत, भुवयांत, कानांवरच्या केसांत कायम कापूस. माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायचा. लग्न केलं नव्हतं. का ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांचं दुकान आणि माझं घर यांच्यामध्ये एकच कूड होता, शेणामातीनं लिंपलेला. इकडं खोकलं की तिकडं कळायचं.

कापूस पिंजायची धनुकली माणसाएवढी लांब असते, आणि तिला जी दोरी असते ना, तिला तात म्हणतात. तिच्यावर लाकडी ठोकळा मारला की ती वाजते. दिवसभर तो आवाज. आम्हाला तो ऐकू यायचा बंद झाला होता, इतकी सवय. मध्येच थांबला की मात्र कळायचं. तात जराशी उतरली की रहिमानभाई हात थांबवायचे, पिळायचे, कान लावायचे, परत ठोकायचे. मी एकदा म्हणालो, कापसाला काय कळतंय. ते म्हणाले, "कापसाला न्हाई कळत. मला कळतं ना."

बाजा त्यांच्याकडं कसा आला, तर नगरच्या कँपात एका गोऱ्या साहेबाच्या गाद्या त्यांनी भरल्या होत्या. साहेब लढाईवर निघाला तेव्हा चावीचा बाजा यांना देऊन गेला. यांनी तो बैलगाडीत कापसाच्या गठ्ठ्यांमध्ये घालून आणला. दुसऱ्या दिवसापासून दुकानात माणसं जमायला लागली. पण रहिमानभाईंना गर्दी नको होती. गाणं वाजत असताना कोणी विडी पेटवली तरी ते बाजा बंद करायचे. पंधरा दिवसांत गर्दी गेली. राहिलो आम्ही तिघं. शाळेत चित्रं शिकवणारे कुलकर्णी मास्तर, त्यांना नाटकातल्या पदांचं वेड. प्रवरेच्या काठाला भाजी करणारा सोपान माळी, त्याला भजन. आणि मी टांगेवाला. मला पळती चाल लागायची, घोड्यामुळं असेल. ज्याच्याकडं ज्या रेकॉर्डी होत्या त्या त्यानं आणल्या. रहिमानभाई पहिल्याच दिवशी म्हणाले, बाजा माझा, रेकॉर्डी सगळ्यांच्या. सगळ्या मिळून बावीस झाल्या.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, बसायचं. एका वेळी चार रेकॉर्डी. गाणं चालू असताना बोलायचं नाही, मान हलवायची नाही, ताल धरायचा नाही. सोपान भजन लागलं की रडायचा. रहिमानभाईंनी त्यालाही बंदी केली. म्हणाले, नाक वढायचा आवाज येतो. सुई शेवटच्या रेघेत जाऊन घुटमळेपर्यंत उचलायची नाही. मग प्रत्येकानं सांगायचं, गाण्यानं आपल्याला कुठं धरलं. नुसतं छान म्हणलेलं चालत नव्हतं. "छान म्हनायचं असंल तर गादीला म्हना," ते म्हणायचे.

त्यांची स्वतःची बोली सगळी कापसाची. एखाद्या गाण्यात बाजापेटीनं फार गर्दी केली तर म्हणायचे, दाबून भरलंय, पाठ दुखंल. एखादा गाणारा नुसताच गोड असला तर म्हणायचे, ओला कापूस, वजनाला बरा. आणि सगळ्यात मोठी शिवी म्हणजे, "यात सरकी ऱ्हायली." गादीत सरकी राहिली की ती रात्रभर एकाच जागी टोचते, बाकी गादी कितीही चांगली असो. तसं गाण्यात एक जागा खोटी असली की ते म्हणायचे, सरकी.

कुलकर्णी मास्तरांचं एक लाडकं पद होतं. गाणारा कोण ते मी सांगत नाही, नाव मोठं आहे. मास्तर त्याचं नाव घेताना कानाला हात लावायचे. रेकॉर्ड संपल्यावर रहिमानभाई म्हणाले, दुसऱ्या कडव्याला सरकी हाय. मास्तर एकदम उठले. म्हणाले, गाद्या भरणाऱ्यानं गाद्या भराव्यात. रेकॉर्ड काखेत मारली आणि चालते झाले. रहिमानभाईंनी त्यांना पायरीपर्यंत कंदील दाखवला. दोन आठवडे मास्तर आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात आले, रेकॉर्ड तिच्या जागेवर ठेवली, खाली बसले आणि म्हणाले, "एका वकिलाच्या बाज्यावर चाळीसदा ऐकली. आहे. सरकी आहे." रहिमानभाई म्हणाले, "चाळीसदा ऐकलीत, म्हंजे गादी चांगली हाय." मग मास्तर हसले.

आणखी एक सांगतो. एका पाटलाच्या मुलीचं लग्न होतं, गाद्या न्यायला पाटील स्वतः गाडी घेऊन आला. बाजा चालू होता. रहिमानभाईंनी त्याला हातानंच बसायची खूण केली. पाटील बसला. बाजू संपली. पाटील उठायला गेला तर रहिमानभाईंनी रेकॉर्ड उलटी केली आणि परत खूण केली. पाटील चिडून लाल झाला होता, पण बसला. ती बाजू संपली तेव्हा रहिमानभाईंनी त्यालाही विचारलं, "पाटील, कुठं धरलं?" पाटील म्हणाला, मला काय कळतंय, मधी ती बाई जरा थांबली तिथं मला माझ्या आईची याद आली. रहिमानभाईंनी आमच्याकडं बघितलं. "ह्याला म्हनत्यात ऐकनं," म्हणाले. पाटलाचा राग गेला. गाद्या गाडीत आम्ही चौघांनी चढवल्या.

सरू बायकामाणूस, म्हणून ती आमच्यात बसायची नाही. कुडाच्या पलीकडं आमच्या घरात बसून ऐकायची. त्या वेळेला ती जातं ओढायची नाही, भांडं वाजवायची नाही. रहिमानभाईंना ते माहीत होतं. बाज्याचं तोंड ते कुडाकडं करून ठेवायचे. तिचं मत आम्ही कोणी घेत नव्हतो. तशी पद्धतच नव्हती.

आता त्या रेकॉर्डीचं सांगतो. बावीसमधली एक फार जुनी होती. एकाच बाजूला गाणं, वरचा कागद घासून पांढरा झालेला, काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. कोणी बाई गाते. आवाज लांबून आल्यासारखा, वर गेला की फाटायचा. ती रहिमानभाईंची. ते ती चार महिन्यांतून एकदा लावायचे आणि त्या एकाच रेकॉर्डीला त्यांचा नियम ते मोडायचे. गाणं संपलं की सुई लगेच उचलायचे, शेवटच्या रेघेत जाऊ द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, जुनी आहे, जपतात.

ती त्यांच्या बहिणीची रेकॉर्ड होती. आम्हाला त्या वेळी माहीत नव्हतं, पण तुम्हाला आधीच सांगतो, म्हणजे आम्ही काय केलं ते कळेल. थोरली बहीण. आई लवकर गेली होती, हिनंच यांना वाढवलं. मग ती एका गाणाऱ्या उस्तादाबरोबर निघून गेली. घरानं तिचं नाव टाकलं. घरात ते नाव काढायचं नाही, असं बापानं सांगितलं होतं आणि बाप मेल्यावरही यांनी ते पाळलं. पुढं कधीतरी तिच्या गाण्याची रेकॉर्ड निघाली, ती यांना कुठं मिळाली देव जाणे. बाजा यायच्या कितीतरी वर्षं आधीपासून ती त्यांच्याकडं होती. वाजवायला काही नाही, नुसती कापसात गुंडाळून ठेवलेली.

जुन्या रेकॉर्डींवर गाणारी माणसं गाणं संपल्यावर आपलं नाव सांगायची. म्हणून ते सुई उचलायचे.

लढाईत रेकॉर्डीचा माल मिळेनासा झाला. नगरचा दुकानदार म्हणायला लागला, दोन जुन्या आणा, तेव्हा एक नवी मिळेल. जुन्यांचं तो काय करायचा, तर फोडून पोत्यात भरायचा आणि वितळवायला पाठवायचा. आम्हाला नवी तर पाहिजे होती. म्हणून चार-सहा महिन्यांनी बसून ठरवायचो, कोणत्या दोन द्यायच्या. एकेक रेकॉर्ड पुढं ठेवायची, तांब्या फिरवायचा. ठेवायची असली तर तांब्यात कापसाचा पुंजका टाकायचा, द्यायची असली तर सरकी. ज्याला ती वाचवायची असेल त्यानं आधी बोलायचं.

एकदा सोपाननं बोलताना सांगितलं की ही मला सासऱ्यानं दिलेली आहे. रहिमानभाईंनी तिथंच त्याला थांबवलं. म्हणाले, सासऱ्याचं घरी सांग. कारण गाण्यातलं पायजे, गाण्याच्या भायेरचं कारण चालनार न्हाई. सोपानची रेकॉर्ड गेली. तो नियम तेव्हापासून पक्का झाला, आणि तो रहिमानभाईंनीच केला.

काटे तासले त्याच संध्याकाळी ठरवायला बसलो होतो. पहिली एक गेली, ती माझीच होती, चिरा पडलेली, मला काही वाटलं नाही. मग मास्तरांनी ती जुनी पुढं ओढली. म्हणाले, रहिमानभाई, हिचं काय? काट्यावर तर हिचं नुसतं खरखर ऐकू येतं. रहिमानभाईंनी ती लावली. आम्ही ऐकली. त्यांनी सुई उचलली. मग गाण्यानं कुठं धरलं ते सांगायची वेळ आली. सोपान म्हणाला, मला न्हाई धरलं. मास्तर म्हणाले, तेव्हा चालत असेल. मी म्हणालो, "मांजर कोंडल्यागत वाटतं." मला तसंच वाटलं होतं. आमच्यात खरं बोलायचं असंच ठरलेलं होतं.

मास्तरांनी रहिमानभाईंना विचारलं, तुम्हाला काही बोलायचंय का. त्यांनी बाहीनं रेकॉर्ड पुसली. मग म्हणाले, "खालच्या सुरात बरी हाय." एवढंच. माझी बहीण आहे म्हणाले असते तर आम्ही तिघांनी पाया पडून ती त्यांना दिली असती. पण ते गाण्याबाहेरचं कारण झालं असतं. तांब्या फिरला. उपडा केला तर तीन सरक्या आणि एक कापसाचा पुंजका. रहिमानभाईंनी सरक्या उचलून पोत्यात टाकल्या आणि म्हणाले, सकाळच्या मोटारीनं मी जातो.

मी घरी येऊन जेवायला बसलो. सरूनं भाकरी वाढली आणि उभीच राहिली. म्हणाली, ती बाईची रेकॉर्ड देनार व्हय? मी म्हणालो, व्हय, ठरलं. मग तिनं सांगितलं. आम्ही कोणी नसताना रहिमानभाई ती रेकॉर्ड शेवटपर्यंत वाजवायचे. गाणं संपलं की ती बाई नाव सांगायची आणि पुढं संगमनेरवाली म्हणायची. नाव मी इथं लिहीत नाही. आणि ती नाव सांगायची तेव्हा रहिमानभाई कुडापलीकडं एकटे, हळू आवाजात म्हणायचे, "जी, आपा." बाकीचं सरूनं त्यांच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांकडून जुळवलं होतं.

मी म्हणालो, मग आधी का बोलली नाहीस?

"त्यांच्या घरातलं हुतं ते," ती म्हणाली. "आन तुमी कधी इचारलं?"



सकाळी मी टांगा जोडला. माझी एक रेकॉर्ड, सगळ्यात आवडती, धोतरात गुंडाळून टांग्याच्या गादीखाली ठेवली. रहिमानभाई दोन रेकॉर्डी कापसात घालून, दोन फळ्यांमध्ये बांधून घेऊन आले. टांगा नदीकडच्या रस्त्याला लागला. मग म्हणालो, "रहिमानभाई, ती देऊ नका. मला कळलंय."

"कुनी सांगितलं?"

"सरूनं. कुडातून ऐकलं तिनं."

"नाव?"

"नाव बी."

"आन मी बोलतो ते?"

"ते बी."

 मग म्हणाले, "तिला कसं वाटलं?"

"लई वाईट वाटलं तिला."

"ते न्हाई इचारलं. गानं कसं वाटलं?"

 मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, ते काय मी इचारलं न्हाई.

"एवढे दिवस ती तिकडनं ऐकती," ते म्हणाले, "आन तू इचारलं न्हाईस?"

मोटारीच्या थांब्यावर मी माझी रेकॉर्ड काढून त्यांच्यापुढं धरली. म्हणालो, ही द्या, ती ठेवा, मास्तरांना आणि सोपानला मी सांगतो.

"तुला तिचं गानं आवडलं म्हून देतोस का?"

मला हो म्हणता आलं असतं. कितीतरी वेळा वाटतं, हो म्हणायला पाहिजे होतं. पण त्या माणसापुढं गाण्याबद्दल खोटं बोलायची माझी सवय मोडली होती. मी म्हणालो, "न्हाई."

"मग ठेव तुझी," ते म्हणाले. रागानं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोटारीत चढले.

त्या वेळच्या मोटारी कोळशाच्या भट्टीवर चालायच्या. सुरू व्हायला वेळ लागायचा. ते मागच्या बाकावर बसले, बोचकं मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. मोटार हलली तसा त्यांच्या अंगावरचा कापूस उडून शेजारच्या बाईच्या पदरावर बसला. तो ते एक-एक तंतू करून वेचत होते, आणि ती बाई काहीतरी बोलत होती, आणि मोटार वळली.

संध्याकाळी ते आले नाहीत. नवी रेकॉर्ड मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर आली, आणि निरोप, की बाजा किसनाकडं ठेवा. मास्तर पुढच्या आठवड्यात नगरला जाऊन आले. दुकानदार म्हणाला, तुमचे पिंजारी रेकॉर्डी देऊन लगेच गेले नाहीत, मी त्या फोडेपर्यंत उभे राहिले, मग पुण्याच्या मोटारीची चौकशी केली. बहिणीचं मी मास्तरांना सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, रेकॉर्ड होती तोवर त्यांना बहिणीकडं जायची गरज वाटली नाही, ती गेली म्हणून माणसाला शोधायला गेले. असेल. मास्तर शिकलेले होते. बहीण सापडली का, होती का, आम्हाला कधी कळलं नाही. दोन महिन्यांनी त्यांचा कोणी चुलतभाऊ येऊन धनुकली घेऊन गेला, त्यालाही काही ठाऊक नव्हतं. नवी रेकॉर्ड आम्ही लावली. चांगली होती.  पुढं बसणं आपोआप थांबलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

मोटार वळल्यावर मी टांगा फिरवला. बाजारपेठेत जायला दोन सवाऱ्या हाका मारत होत्या, त्या घेतल्या नाहीत. सरळ घरी आलो. सरू परड्यात धुणं वाळत घालत होती. एवढ्या सकाळी मला बघून ती घाबरली, म्हणाली, घोड्याला काय झालं? मी म्हणालो, काही नाही. ते त्या रेकॉर्डीचं गाणं. तुला कसं वाटायचं?

 चेष्टा करतोय का, असं वाटलं असेल तिला. मग लुगड्याचं पाणी पिळून तिनं ते खांद्यावर टाकलं आणि सांगायला लागली. ती सलग एवढं बोललेली मी तोवर ऐकलं नव्हतं. म्हणाली, "ती बाई वर जाती तितं तिचा आवाज फाटतो, ते खरं हाय. पर फाटला म्हून ती थांबत न्हाई. तसाच फाटका घिऊन खाली येती, आन खाली येस्तवर त्यो सांधल्याला असतो. लुगडं इरलं की मधलं काडून आपन दंड घालतो ना, तसं. शिवन दिसती. पर लुगडं अंगावर ऱ्हातं. मला तितं धरायचं."

मी उभा राहून ऐकलं.

"सांगाल का त्यास्नी?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, संध्याकाळच्या मोटारीनं येतील, तेव्हा सांगतो.